अब्बासभाईंची ऐकायची खोली

अब्बासभाई खोत जहाजावरची नोकरी सोडून कुंभिवलीला कायमचे परतले, ते साल एकोणीसशे एकाहत्तर. भर दुपारी मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांच्या दारासमोर टेंपो थांबला आणि त्यातून एकामागून एक लाकडी खोकी उतरू लागली. शेजारचे गजाभाऊ ठोंबरे बैल तसेच सोडून हात द्यायला धावले.

"काय रं अब्बास, सोनं हाय का यात? केवढं जड हाय!"

"सोन्याला धक्का लागला तर चालतं, गजा. याला नाय चालत. हळू धर."

दारात अब्बासभाईंची बायको झोहराभाभी उभी होती. इतक्या वर्षांनी नवरा कायमचा घरी येणार म्हणून तिने सकाळपासून चुलीवर कोंबडी शिजत ठेवली होती. तिने विचारलं, "भांडी हायत का?"

"नाय."

"कापडं?"

"नाय गं."

"मग हाय तरी काय?"

अब्बासभाईंनी घाम पुसला आणि म्हणाले, "आवाज हाय."

झोहराभाभीने एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि चुलीकडे परत गेली.

अब्बासभाई मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. ऐन विशीत ते दर्यावर गेले आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या कानांनी इंजिनाच्या धडधडीशिवाय फारसं काही ऐकलं नाही. जहाजावरची माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. सुट्टीवर घरी आले तरी ते जेवताना "मीठ दे" असं इतक्या मोठ्याने म्हणत की गोठ्यातली म्हैस दचकायची.

एकदा जहाज हॅम्बर्गला लागलं होतं. पाऊस आला म्हणून अब्बासभाई आडोशाला एका दुकानात शिरले. दुकान ग्रामोफोनचं, रेडिओचं. म्हातारा दुकानदार रिकामाच होता. त्याने या भिजलेल्या खलाशाला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि समोर एक तबकडी लावली. गाणारी कुठली बाई होती, गाणं कुठल्या भाषेतलं होतं, अब्बासभाईंना काही कळलं नाही. पण गाणं सुरू व्हायच्या आधी तिने श्वास घेतला, तो त्यांना ऐकू आला. बाई दोन हातांच्या अंतरावर उभी आहे अशी त्यांची खात्रीच पटली. ते उठले आणि स्पीकरच्या मागे जाऊन बघून आले. म्हातारा पोट धरधरून हसला.

त्या दिवसापासून बंदर कुठलंही असो, अब्बासभाई अशी दुकानं शोधू लागले. बाकीचे खलाशी घड्याळं घेत, सुगंधी तेलं घेत. अब्बासभाईंनी एका बंदरात व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घेतला, दुसऱ्या बंदरात तबकडी फिरवायचं यंत्र, तिसऱ्या ठिकाणी स्पूलचा टेपरेकॉर्डर. सगळ्यात शेवटी त्याच हॅम्बर्गच्या म्हाताऱ्याकडून कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आणले. एवढं जमल्यावर त्यांनी नोकरी सोडली. पुढे त्यांनी शिळफाट्यावर पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि ते बरं चाललं. पण गावात ते ओळखले गेले ते खोलीमुळे.

घराच्या एका अंगाला भात ठेवायची खोली होती. खिडकी छोटी, भिंती जाड, रस्त्यापासून जरा आत. अब्बासभाईंनी तीच निवडली. होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं, भिंतींना चुना मारला, जमिनीवर शहाबादी फरशी घातली. समोर दोन स्पीकर, मधे यंत्रं, आणि अलीकडे एकच वेताची खुर्ची. तबकडीतला आवाज दोन वाटांनी येतो, म्हणून दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसलं तरच गाणारा माणूस त्यांच्या मधोमध उभा दिसतो, असं ते सगळ्यांना समजावत. खुर्चीचे पाय कुठे असावेत याच्या खुणा त्यांनी फरशीवर तांबड्या रंगाने केल्या. झोहराभाभी झाडायला आली की "खुर्ची खुणेवर ठेव गं" अशी आरोळी ठरलेली.

खोली दिसायला मोठी झकास झाली. रविवारी गजाभाऊंना बोलावून अब्बासभाईंनी सतारीची तबकडी लावली.

गजाभाऊंनी थोडा वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाले, "राग मानू नको. विहिरीत कळशी पडल्यावानी वाटतंय."

अब्बासभाईंचा चेहरा पडला, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं. सतारीचा एक स्वर वाजला की तो भिंतीवर आपटून परत येई आणि पुढच्या स्वराच्या अंगावर पडे. खर्जाचा आवाज तर कोपऱ्यात जाऊन नुसता घुमत बसे. मधेच घाट उतरून एक ट्रक रस्त्यावरून गेला, जमीन हादरली आणि सुई टुणकन उडी मारून पुढे गेली. या सगळ्याच्या खाली, तबकडी नसतानासुद्धा, भुंगा अडकावा तशी घूंऽऽ अशी घरघर चालूच.

"एवढा दर्या वलांडून आणलंस," गजाभाऊ म्हणाले, "आता इथं येऊन बुडवतोस काय?"

"बुडत नाय," अब्बासभाई म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली.

आधी त्यांनी घरघर पकडली. जहाजावर वायरिंग केलेला माणूस, त्यामुळे दोष अर्थिंगमध्ये आहे हे त्यांनी ओळखलं. घराच्या मागे मोरीचं पाणी जिथे कायम मुरायचं तिथे खड्डा खणून त्यांनी तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि खडेमीठ घातलं. बरणीतलं मीठ एकदम कुठे गेलं म्हणून झोहराभाभी दिवसभर शोधत होती. पण भुंगा गप्प झाला. अब्बासभाईंनी तिला हाताला धरून खोलीत नेलं आणि म्हणाले, "ऐक."

"काय ऐकू? कायच वाजत नाय."

"तेच तर!"

मग ट्रकचा बंदोबस्त. गजाभाऊंचा सुतारकामात हात चांगला होता. त्यांनी आढ्याला दोर बांधून एक फळी टांगली आणि तबकडीचं यंत्र तिच्यावर ठेवलं. ट्रक गेला तरी सुई उडेना, पण खिडकीतून वारा आला की यंत्र पाळण्यासारखं झुले आणि गाणारा कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर वळल्यासारखा वाटे. दोघं खूप हसले आणि फळी उतरवली. शेवटी उपाय पडवीतच सापडला. पिठाची गिरणी आल्यापासून जातं तिथे पडून होतं. फरशीची एक लादी उखडून, खाली वाळू भरून, तिच्यावर जातं बसवलं आणि जात्यावर यंत्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी ट्रकांची अख्खी रांग गेली. सुई जागची हलली नाही.

राहिला तो विहिरीतला घुमारा. तो काही केल्या जाईना. अब्बासभाई खोलीभर फिरून टाळ्या वाजवत आणि कान देत. भिंतीवर गोधड्या टांगून झाल्या, छताला गोणपाट बांधून झालं. थोडा फरक पडे, पण कोपऱ्यातला खर्ज तसाच. असा सगळा पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास त्यांनी हात टेकले. खुर्चीत बसायचेसुद्धा बंद झाले.

इकडे भात कापून, झोडून तयार झालं. शेत त्यांचंच होतं, पण इतकी वर्षं बघितलं होतं ते झोहराभाभीने. पोती भरून पडवीत उभी केली तर रात्रीत उंदरांनी दोन फोडली. सकाळी ती पदर खोचून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"भात आत जाणार."

"आत कुठं?"

"जिथं जायाचं तिथंच. भाताची खोली हाय ती."

"अगं, माझी यंत्रं हायत तिथं!"

"मग? गाणं काय उपाशीपोटी ऐकणार हाव तुमी?"

अब्बासभाई रागारागाने दुकानावर निघून गेले. झोहराभाभीने गड्यांना सांगून पोती आत रचून घेतली. मात्र खुर्चीच्या खुणांवर तिने एकही पोतं येऊ दिलं नाही. कोपऱ्यांत वरपर्यंत थप्प्या लावल्या, मागच्या भिंतीला छातीएवढी रास केली, आणि उरलेली बाजूच्या भिंतींना उभी केली.

संध्याकाळी अब्बासभाई आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "झालं! गोदाम झालं." आणि ते थांबले. आपलंच वाक्य त्यांना वेगळं ऐकू आलं होतं. त्यांनी आत जाऊन टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. परत आलीच नाही. त्यांनी सतारीची तीच तबकडी काढून जात्यावरच्या यंत्रावर लावली.

झोहराभाभी भाकऱ्या थापत होती. नवऱ्याची हाक आली ती इतकी जोरात की तिला वाटलं काहीतरी चावलं. पिठाचे हात घेऊन ती धावली. अब्बासभाई खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं? भात बाहेर काढू काय?"

"एक दाना हलवलास तर बघ," अब्बासभाई म्हणाले. "झोहरा, सतार वाजवणारा इथं बसलाय. त्याच्या नखाचा आवाज येतोय."

पुढचे दोन-तीन महिने घरात नुसता सण होता. खालापूर, साजगाव, कर्जत, कुठून कुठून ओळखीची माणसं यायची. पोत्यांच्या मधून वाट काढत खुर्चीपाशी पोचायची, बसायची, आणि थोड्याच वेळात त्यांचे डोळे मोठे व्हायचे. बरेच जण उठून स्पीकरच्या मागे बघून यायचे. अब्बासभाईंना त्याचीच वाट असायची.

पण भात काही बघायला ठेवलेलं नसतं. गिरणीला पोती जाऊ लागली, घरात भात शिजू लागला, बहिणीकडे पोतं पाठवावं लागलं. एकेक पोतं कमी झालं तसतसा घुमारा परत डोकं वर काढू लागला. एक कोपरा मोकळा झाला त्या दिवशी तबला डावीकडे घसरला. अब्बासभाई जेवायला बसले की ताटाकडे संशयाने बघत.

"आज भाकरीच कर," ते म्हणायचे.

"कालपण भाकरीच केली."

"भाकरी चांगली. अंगाला लागते."

झोहराभाभीला कळायला वेळ लागला नाही. "अस्सं हाय तर!" ती म्हणाली. "भात आपला नि खाणार स्पीकर?" तिने त्याच दिवशी एक पोतं गिरणीला लावलं. पण गिरणीतून गाडी परत आली तेव्हा तिच्यात तांदळाबरोबर तेच पोतं पुन्हा गच्च भरून आलं होतं. तिने ते कोपऱ्यात नेऊन उभं केलं.

"काय भरलंस यात?" अब्बासभाईंनी विचारलं.

"तूस. गिरणीवाला फुकट देतो, वर दुवा देतो. त्याच्या अंगणात डोंगर झालाय त्याचा."

अब्बासभाईंनी टाळी वाजवली. कान दिला. पुन्हा वाजवली. भातापेक्षाही टाळी लवकर विझली होती. मग मात्र कर्जतच्या भातगिरणीतून टेंपो भरभरून तूस आलं. गजाभाऊंनी पोती उभी राहायला लाकडी चौकटी केल्या, दाराला आतून गोणपाट ठोकून दिलं. कुठल्या कोपऱ्यात किती पोती, कुठे एक काढलं की गळा मोकळा होतो, कुठे एक वाढवलं की ढोलकीची थाप घट्ट होते, हे सगळं हळूहळू बसत गेलं. पोत्यांत उंदीर झाले म्हणून मांजर आलं. तबकडीवर तानपुरा लागला की ते मांजर बरोब्बर खुणांच्या मधोमध जाऊन झोपे, आणि अब्बासभाई अभिमानाने सांगत, "त्यालाबी कळतं मधली जागा कुठं हाय."

झोहराभाभी मात्र कधी खुर्चीत बसली नाही. "मला बसायला येळ कुठं हाय," हे तिचं ठरलेलं. पण एकदा अब्बासभाई दुकानावरून दुपारीच परत आले, तर खोलीचं दार लावलेलं आणि आत कव्वाली चालू. त्यांनी हळूच दार ढकललं. झोहराभाभी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर मांजर, डोळे मिटलेले, एक हात ठेका धरत होता. तबकडी लावायला ती कधी शिकली हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी काही बोलायच्या आत ती डोळे न उघडता म्हणाली, "दार लावा. उजेड येतोय."

अब्बासभाई बाहेर पडवीत जाऊन बसले. तबकडी संपेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात खोलीत दुसरी वेताची खुर्ची आली, पहिलीला अगदी खेटून. मधली जागा थोडी सुटते, ते म्हणायचे, पण तेवढं चालतं.

टेपरेकॉर्डर तोवर तसाच पडून होता. त्याला काम दिलं येसूबाईंनी. येसूबाई आमच्या भागातल्या धवलारीण. आगऱ्यांच्या घरी लग्न म्हटलं की भटजी उशिरा आला तरी चालेल, पण धवलारीण हवीच. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती गाते. येसूबाईंना किती धवले येत हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकदा हिरू भोईराच्या मुलीच्या लग्नाहून परतताना त्या पाणी प्यायला अब्बासभाईंकडे टेकल्या आणि अब्बासभाईंनी त्यांना खोलीत नेलं.

"मावशी, इथं एकदा गा ना. मी धरून ठेवतो."

"लगीन नाय, नवरी नाय, उगीच कशी गाऊ रं पोरा?"

"हिरूच्या पोरीच्या हळदीला गायलात ना? तेच गा."

येसूबाईंनी पोत्याला पाठ टेकली आणि सुरू केलं. बाहेर त्या शेकडो माणसांत, ताशाच्या गोंगाटात गात. इथे तसला गोंगाट नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी आवाज आपोआप खाली आणला आणि अगदी सावकाश, जणू नवरीच्या कानात सांगावं तशा गात राहिल्या. झोहराभाभी दाराशीच बसून राहिली.

गाणं झाल्यावर अब्बासभाईंनी त्यांना खुर्चीत बसवून टेप लावला. येसूबाईंनी आपला आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काढलं ते हे, "ही बाई चांगली गाते रं. कुठली?"

"तुमीच त्या!"

"चल!" त्या म्हणाल्या. पण कान सोडेनात. मग एका जागी त्यांनी मान हलवली, "हां, इथं एक कडवं गिळलं तिनं. मीच ती." आणि हसत हसत राहिलेलं कडवं त्यांनी तिथल्या तिथे म्हणून टाकलं.

नंतर येसूबाईंचं येणं वाढलं. वाटेवरून जाताना त्या "माझी मैतरीण काय म्हणते?" असं विचारत आत शिरत. कधी शेजारच्या बायका सोबत असत. टेपमधली येसूबाई एक ओळ म्हणे आणि खुर्चीतली येसूबाई तिच्या मागून वरच्या पट्टीत. बाकीच्या बायका पोत्यांवर बसून तीच ओळ मागून झेलत.

अठ्ठ्याहत्तर साली गजाभाऊंच्या शकूचं लग्न ठरलं. सगळी तयारी झाली आणि हळदीच्या आदल्या दिवशी येसूबाईंचा घसा बसला. असा बसला की कुजबुजसुद्धा निघेना. दुसरी धवलारीण थेट पनवेलच्या बाजूला, आणि तीही दुसऱ्या लग्नाला गेलेली. गजाभाऊ अब्बासभाईंच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझ्याकडं येसूबाई डब्यात हाय. ती दे."

"देतो की. पण टेप बाहेर मांडवात वाजवायचा म्हंजे..." अब्बासभाईंनी स्पीकरकडे पाहिलं. बोटभर इकडे-तिकडे न होता ते इतकी वर्षं तिथे उभे होते. उघड्या मांडवात हा आवाज कुत्र्यासारखा भुंकेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तरी ते म्हणाले, "नेऊ. शकू माझीबी पोरगी हाय."

"थांबा," झोहराभाभी म्हणाली. "स्पीकर कशाला हलवता? हळद हलवा."

गजाभाऊ बघत राहिले. "म्हंजे?"

"शकूला इथं आणा. आमच्या खोलीत बसवा. नवरीची हळद शेजारी लागली तर काय बिघडतं?"

गजाभाऊंनी बायकोकडे निरोप धाडला. तिचं उत्तर आलं की उद्या सकाळी पाट घेऊन येतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. जात्याच्या पुढे पाटावर शकू, भोवती मावश्या, आत्या, करवल्या, पोत्यांवर म्हाताऱ्या, दारात गर्दी. येसूबाईंना खुर्चीत बसवलं होतं. गळ्याला फडकं गुंडाळलेलं, हातात हळदीची वाटी. अब्बासभाई यंत्रांपाशी कोपऱ्यात अंग चोरून उभे. त्यांनी टेप सुरू केला.

येसूबाईंचा आवाज खोलीत उभा राहिला. शकूच्या कपाळाला पहिलं बोट लागलं. आणि पहिल्याच कडव्याच्या शेवटी टेपमधल्या येसूबाईंनी नवरीचं नाव घेतलं. ते होतं हिरू भोईराच्या मुलीचं.

अब्बासभाईंचा हात टेपच्या बटणाकडे गेला. धवल्यात नवरीचं नाव येतं, कडव्याकडव्याला येतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. शकूने मान वर करून बघितलं. "माझी हळद नि नाव तिचं?"

खुर्चीतल्या येसूबाईंनी हाताने खूण केली, चालू ठेव. दुसऱ्या कडव्याला ते नाव यायची वेळ झाली तशी त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि आवाज नसताना ओठांनी मोठ्ठं करून दाखवलं, "शकू!"

"शकूऽऽ!" साऱ्या बायका एकदम ओरडल्या. हिरूच्या पोरीचं नाव त्याखाली पार बुडालं. खोलीत हशा फुटला. तिसऱ्या कडव्याला बायका नावाच्या जरा आधीपासूनच म्हणू लागल्या, म्हणजे चुकायला नको. चौथ्याला अर्धी ओळ. इतके दिवस पोत्यांवर बसून झेललेले धवले त्यांच्या तोंडात होतेच. बघता बघता ओळ सुरू होताच सगळ्या मिळून उचलू लागल्या. झोहराभाभी सगळ्यांत मोठ्याने गात होती आणि तिच्या दोन्ही गालांना हळद लागली होती. येसूबाई हातवारे करून कुणाला चढवत होत्या, कुणाला थांबवत होत्या.

एवढ्या माणसांनी खोलीतला आवाज पार शोषून घेतला होता. डावा नाही, उजवा नाही, मधला नाही. अब्बासभाईंनी ते ऐकलं आणि त्यांना हसू आलं. त्यांनी अँप्लिफायरवरचं आवाजाचं बटण चिमटीत धरलं आणि अगदी सावकाश ते मागे फिरवत नेलं, थोडं, आणखी थोडं, पार शेवटापर्यंत. टेप फिरत राहिला, पण त्यातून काही येत नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. गाणं चालूच होतं.

फक्त येसूबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, अब्बासभाईंना जवळ बोलावलं आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्याला हळद लावली.